माल सोडण्यापूर्वी नेमकं काय तपासायचं? (लोशन आणि भिरंडेलाचा बाम)

भिरंडेल_फोंडा

फोंड्याजवळ लहान युनिट आहे, सौंदर्यप्रसाधनं बनवण्याचा कॉस-८ परवाना आहे. खोबरेल आणि भिरंडेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) घातलेलं बॉडी लोशन करतो. बॅच ५० किलोची, म्हणजे १०० मिलीच्या पंपाच्या साधारण ४८० बाटल्या. शिवाय ५ ग्रॅमचा लिप बाम. टाकीतून नमुना काढून पीएच आणि विस्कॉसिटी (दाटपणा) आम्हीच बघतो. मायक्रोचा, म्हणजे जंतूंच्या संख्येचा रिपोर्ट बाहेरच्या लॅबचा, तो दर वेळी ग्रॅमला "१० पेक्षा कमी" असाच येतो.

तरी पाऊस लागल्यापासून दुकानांतून तीन तक्रारी आहेत: काही बाटल्यांना आंबूस वास, काहींच्या मानेशी ओशटपणा, आणि बाम ओठावर रवाळ लागतो. प्रिझर्व्हेटिव्ह सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट, टाकीत पीएच ५.६. माल बाहेर पडण्यापूर्वी काय, किती बाटल्यांवर तपासावं? यंत्रांवर फार खर्च जमणार नाही.

मायक्रोप्लेट

रिपोर्ट कायम स्वच्छ आणि बाटली आंबलेली, म्हणजे नमुना चुकीच्या जागचा किंवा चाचणी चुकीची. बहुधा दोन्ही.

आधी नमुना. टाकीतलं लोशन ७५ अंशांवरून थंड होत आलेलं असतं, ते स्वच्छच निघणार. घाण त्याच्या पुढे लागते: फिलिंगची होज (नळी), नोझल, धुऊन ओल्याच ठेवलेल्या बाटल्या. होज गुंडाळून ठेवली की पोटात पाणी राहतं आणि पावसाळ्यात ते सुकत नाही. दोन-तीन रात्रींत आत बुळबुळीत थर धरतो आणि स्यूडोमोनास जातीचे जंतू तिथे सुखाने राहतात. सकाळी पहिल्या पाच-दहा बाटल्यांत तेच उतरतं. म्हणून लॅबला टोपण लावलेल्या बाटल्याच पाठवा: फिलिंगची पहिली, मधली आणि शेवटची, तिन्ही वेगळ्या. तिन्ही एकत्र मिसळायला सांगू नका. पहिलीतली घाण बाकीच्या दोघींत विरून जाते. होज धुतल्यावर ७० टक्के अल्कोहोल फिरवून उभी टांगा, दोन्ही तोंडं खाली.

आता चाचणी. लॅबला एकच प्रश्न विचारा: न्यूट्रलायझर कोणता घालता? लोशनमधलं प्रिझर्व्हेटिव्ह नमुन्याबरोबर प्लेटवरही जातं आणि तिथेही जंतूंना वाढू देत नाही. ते निष्प्रभ करण्यासाठी पातळ करायच्या द्रावणात लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८० असावं लागतं. ते नसेल तर "१० पेक्षा कमी" या आकड्याला काही अर्थ नाही. खात्री करायची तर तुमच्याच लोशनच्या द्रावणात मोजके, शंभराच्या आतले जंतू मुद्दाम घालून परत मोजायला सांगा. निम्मे तरी सापडले पाहिजेत.

मर्यादा म्हणाल तर अंगाच्या क्रीम-लोशनला एकूण जंतू ग्रॅमला १,००० पर्यंत चालतात, डोळ्यांभोवतीच्या आणि ३ वर्षांखालच्या मुलांच्या मालाला १००. ई. कोलाय, स्यूडोमोनास एरुजिनोसा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि कँडिडा हे चार १ ग्रॅममध्ये अजिबात नकोत. माझं मत विचाराल तर १०० च्या वर काहीही आलं की फिलिंग थांबवून होज उघडा, हजाराची वाट बघू नका.

खरी मेख मात्र पीएचमध्ये आहे. बेंझोएट काम करतं ते आम्लाच्या रूपात. पीएच ५.६ ला त्यातलं जेमतेम ४ टक्के त्या रूपात असतं, सॉर्बेटचं १३ टक्के. पीएच ५.० ला आणलात तर तेच अनुक्रमे १४ आणि ३६ टक्क्यांच्या आसपास जातं. त्यातलाही एक वाटा तुमचं खोबरेल ओढून घेतं आणि जंतू वाढतात पाण्याच्या भागात. लॅक्टिक किंवा सायट्रिक ॲसिडने पीएच ५.० करा. मात्र इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) स्टिअरिक ॲसिड आणि ट्रायइथेनॉलअमीनच्या साबणावर उभं असेल तर या पीएचला ते फाटेल. तसं असल्यास फिनॉक्सीइथेनॉल या दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हकडे वळा, कमाल १ टक्का. काहीही बदललं तरी २८ दिवसांची चॅलेंज टेस्ट (लोशनमध्ये मुद्दाम जंतू घालून प्रिझर्व्हेटिव्ह त्यांना मारतं का हे बघणं) एकदा करावीच लागेल, तिथे काटकसर नको.

पीएच गरम लोशनमध्ये घेता का? घेत असाल तर सोडा. मीटरची तापमान-भरपाई फक्त इलेक्ट्रोडची असते, लोशनची नाही. उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात १० टक्के लोशन मिसळून २५ अंशांना घ्या, रोज ४ आणि ७ च्या बफरवर मीटर लावून.

टोपण_आणि_टॉर्क

ओशट मानेबद्दल. ४८० बाटल्यांच्या लॉटमधून आयएस २५०० (नमुने काढून तपासण्याचं भारतीय मानक) च्या सर्वसाधारण पातळी २ प्रमाणे ५० बाटल्या काढायच्या, वेगवेगळ्या खोक्यांतून, वरच्या थरातल्याच नव्हे. गळती, चुकीचं लेबल, आत कचरा: एकही चालणार नाही. पंप न चालणं किंवा बॅच नंबर वाचता न येणं अशा मोठ्या दोषाला १ चालेल, २ ला लॉट अडवा. लेबल तिरकं, बारीक ओरखडा अशा किरकोळ दोषाला ५ पर्यंत ठीक, ६ ला अडवा.

टोपणाचा ढोबळ नियम: मानेचा व्यास मिलिमीटरमध्ये, त्याच्या निम्मा टॉर्क (पिळण्याचा जोर) इंच-पाउंडमध्ये. २४ मिमीच्या पंपाला १२. दुसऱ्या दिवशी उघडून बघा, उघडायचा टॉर्क लावलेल्याच्या साधारण निम्मा भरतो. त्याच्या बराच खाली आला तर वॉशर बसलेला नाही किंवा भरताना आट्यांवर लोशन सांडलंय. सांडलं असेल तर पुसूनच टोपण लावा. तेलकट आट्यांवर टोपण घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि मागे सरकतं.

गळती बघायला १० बाटल्या ब्लॉटिंग पेपरवर आडव्या, ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास. कागदावर तेलाचा डाग दिसला की पुरे. माल चोर्ला घाटाने बेळगावला जात असेल तर व्हॅक्यूम डेसिकेटरही (आतली हवा काढून घेता येणारं झाकणाचं भांडं) हवा. ८०० मीटरवर हवेचा दाब साधारण ७० मिमी पाऱ्याने उतरतो आणि बाटलीतली हवा लोशनला पंपातून वर ढकलते. १५० ते २०० मिमीचा व्हॅक्यूम १० मिनिटं द्या. आणि बाटली गळ्यापर्यंत भरू नका! २५ वरून ४५ अंशांवर गेल्यावर १०० मिली लोशन पाऊण-एक मिली फुगतं. वर रिकामी जागा नसेल तर ते मानेतूनच वाट काढणार.

वजनाचं राहिलं. १०० मिलीला एका बाटलीत ४.५ मिली कमी चालतं, पण लॉटची सरासरी १०० च्या खाली नको. दर १५ मिनिटांनी ५ बाटल्या काट्यावर. घनता काढताना लोशनमधली हवा आधी जाऊ द्या. होमोजिनायझरने (घुसळायच्या यंत्राने) फेसाळलेलं लोशन भरताना पूर्ण दिसतं आणि आठवड्याने खांद्याखाली बसतं.

भिरंडेल_फोंडा

सगळ्यांचे आभार. इमल्सिफायर साबणाचा नाही, म्हणजे ५.० ला आणता येईल. बामचं कोणी सांगेल का? आणि आंबूस बॅचच्या ६० बाटल्या गोदामात पडून आहेत. गरम करून, प्रिझर्व्हेटिव्ह वाढवून पुन्हा भरल्या तर?

साचा_नंबर_दोन

बाब, रवा म्हणजे भिरंडेलाचे मोठे स्फटिक. ते ३८ ते ४० अंशांना वितळतं, म्हणून लोक ५० लाच थांबतात. डोळ्यांना पातळ दिसतं, पण बारीक बीजं शिल्लक राहतात आणि सावकाश थंड होताना त्यांच्याभोवती रवा धरतो. सगळं ७५ ते ८० ला नेऊन १५ मिनिटं ठेवा, ओता आणि लगेच १० ते १५ अंशांत थंड करा. फ्रिजमधून काढल्या काढल्या टोपण लावू नका. आपल्याकडच्या दमटपणात कांडीवर दव धरतं आणि तेच टोपणाखाली कोंडलं जातं. खोलीच्या तापमानाला येईस्तोवर एसीच्या खोलीत उघडं राहू द्या.

सोडण्यापूर्वी दर बॅचच्या ६ कांड्या २४ तास ४० ला आणि २४ तास २५ ला, अशा पाच फेऱ्या. मग मनगटावर घासा. रवा लागला किंवा वर तेलाचे थेंब दिसले तर बॅच थांबवा. याला दहा दिवस जातात, तेव्हा ओतायचं वेळापत्रक त्या हिशेबाने लावा. ५ ग्रॅमच्या बामला बॅच नंबराची सूट आहे, पण ती घेऊ नका. तक्रार आली तर परत काय मागवणार?

मायक्रोप्लेट

६० बाटल्या फेकायच्या. गरम केल्याने जंतू मरतील, पण त्यांनी सोडलेली एन्झाइम्स आणि विषारी अंश त्यातच राहतात, वासही जात नाही. शिवाय दुसऱ्यांदा तापवलेलं इमल्शन पहिल्यासारखं बसेल याची खात्री नाही. त्यातल्या चार बाटल्या मात्र लॅबला द्या, न्यूट्रलायझर घालून, आणि जंतूची जात ओळखून मागा. स्यूडोमोनास निघाला तर होज आणि पाणी बघा, यीस्ट निघालं तर पीएच आणि बाटल्या. बॅच नोंदवहीत "नष्ट" असं तारखेसह लिहा आणि पुढची बॅच लॅबचा निकाल येईस्तोवर पिवळ्या चिठ्ठीखाली, म्हणजे न सोडता वेगळी ठेवा. बुरशीच्या प्लेटला ५ दिवस लागतात, म्हणजे आठवडा धरा.