फुलाचं नाव मिरवणाऱ्यांनो, या धाग्यावर या

मालती_म:
आज कामाच्या कॉलवर इंडोनेशियातली नवी सहकारी भेटली. नाव मेलाती! मी माझं नाव सांगितल्यावर ती खुदकन हसली. तिच्या भाषेत मेलाती म्हणजे मोगरा, त्यांच्या तीन राष्ट्रीय फुलांपैकी एक. शब्द आपल्या मालतीवरूनच तिकडे गेलेला. संस्कृतात मालती म्हणजे जाई. नाव समुद्रापार गेलं, फूल बदललं, पण घराणं तेच राहिलं.
आणि एकदम आजी आठवली. तिचंच नाव माझं. शाळेत सगळे 'म्हातारं नाव' म्हणून चिडवायचे, मी रडत घरी यायचे. आजी म्हणायची, भवभूतीच्या संस्कृत नाटकाची नायिका मालती आहे, बाराशे वर्षांत तिला कुणी म्हातारी म्हटलं नाही, तू कशाला मनावर घेतेस?
तुमच्या घरात फुलाचं नाव कुणाचं? कुठून आलं? सगळं लिहा.

जुई_धाकटी:
आम्ही जाई-जुई, जुळ्या. जाई आली संस्कृत जातीवरून, जुई यूथिकेवरून. एकीला हाक मारली की दोघी धावतो, अजूनही.

पायवाट:
मालती म्हणजे मधुमालती ना? लाल-गुलाबी झुबके येतात ती?

हिरवा_कोपरा:
@पायवाट नाही हो, ती वेगळ्या कुळातली. मधुमालतीचं फूल पांढरं उमलतं, मग गुलाबी, मग लाल होतं. मालती जाई-मोगऱ्याच्या गोतातली, शास्त्रीय नाव जास्मिनम. आणि ते जास्मिनम मुळात फारसी.

यास्मिन_के:
बोलावलंत? हजर! फारसीतून अरबीत यासमीन, युरोपात गेल्यावर इंग्रजीत जॅस्मिन. ऑफिसात लोक परस्पर जॅस्मिन करून टाकतात, मी दर वेळी दुरुस्त करते. अम्मीने निवडलेलं नाव आहे, मी ते बदलू देणार नाही. मालती, म्हणजे आपण बहिणी झालो की :)

मालती_म:
सख्ख्या!!

नीलू:
मी नीलोफर. सगळे विचारायचे 'हे नाव कुठलं बाई?' कॉलेजात संस्कृतच्या बाईंनी फळ्यावर नीलोत्पल लिहिलं, निळं कमळ, आणि त्याखाली माझं नाव. संस्कृतातून फारसीत नीलूफर, तिथून अरबीमार्गे फ्रेंचमध्ये नेनुफार. सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघत होता. त्या दिवसापासून माझं नाव कुठलं हे मी विचारणाऱ्याला पूर्ण सांगते, चहा थंड झाला तरी. मुलगा झोपेतून उठला, बाकी नंतर.

कुंदा७:
नीलू, काटा आला अंगावर. बाळाला पापा.

सुझन_डी:
माझ्यापण नावात फूल आहे, कुणाला खरं वाटत नाही. हिब्रूत शोशन्ना म्हणजे लिली. त्याच्याही मागे प्राचीन इजिप्तचा शब्द सांगतात, सेशेन, म्हणजे कमळ. नीलू, आपण एकाच तळ्यातल्या.

अण्णा_वाचक:
गुलाब दिसला म्हणून गुलाब समजू नका. रोझलिंडमधला 'रोझ' जुन्या जर्मानिक भाषांतल्या घोड्याच्या शब्दावरून आला. पुढे लोकांनी लॅटिन 'रोझा' ऐकून त्याला सुंदर गुलाब करून टाकलं. मार्गारेटचं उलट. ग्रीकमध्ये मोती, पण फ्रेंचमध्ये मार्गरीत हे डेझीच्या फुलाचंही नाव, म्हणून इंग्रजीत कित्येक मार्गारेटना घरी डेझी म्हणत.

रोझलिंडची_मावशी:
अण्णा, आमची पोर वाऱ्यासारखी पळते. घोडाच बरोबर आहे!!

कुंदा७:
कुंदसुद्धा जास्मिनमच. आईचं नाव बकुळ होतं. मागच्या वर्षी गेली. बकुळ सुकली तरी वास टिकतो, म्हणून आजोबांनी ठेवलं होतं. हा धागा तिला फार आवडला असता.

यास्मिन_के:
कुंदाताई, जवळ असते तर घट्ट मिठी मारली असती. त्यांच्याबद्दल अजून लिहा ना.

पायवाट:
विषय सोडून विचारतो, माफ करा. मोगऱ्याच्या कळ्या न उमलताच गळताहेत. काय करू?

हिरवा_कोपरा:
कुंडी सावलीत आहे का? भरपूर ऊन लागतं त्याला. आणि माती ओली असताना पुन्हा पाणी घालू नका. फोटो टाका.

पायवाट:
सावलीतच आहे. संध्याकाळी हलवतो आणि फोटो टाकतो.