प्रति: बी.एस्सी.नंतर कोल्हापुरात स्लीप स्टडी शिकता येईल का?

दादा, बहिणीला स्लीप स्टडी, म्हणजे झोपलेल्या पेशंटचे मेंदूचे तरंग आणि श्वास रात्रभर नोंदवायचं काम, जरूर शिकू दे. पण वर कुणीतरी लिहिलंय की 'वायरी लावायच्या आणि मशीन चालू करायचं, आठवड्यात जमतं', ते मनावर घेऊ नका. मी इथंच कोल्हापुरात हे काम करते.

नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपनं मोजायचं, त्या अंतराच्या 10 आणि 20 टक्क्यांवर खुणा करायच्या, तिथली त्वचा घासून मेंदूचे सिग्नल टिपणारे इलेक्ट्रोड बसवायचे. कागल-गडहिंग्लजकडनं येणारे पेशंट बरेचदा डोक्याला चांगलं तेल चोपडून येतात. त्यावर इलेक्ट्रोड चिकटवायची पेस्ट धरत नाही, आणि मध्यरात्री सिग्नल गेला की झोपलेल्या माणसाला न उठवता तो परत मिळवायचा. म्हणून केस धुवून यायला आदल्या दिवशीच फोनवर सांगायचं.

खरा अभ्यास मात्र स्कोअरिंगचा, म्हणजे नोंदी वाचून झोपेत काय घडलं ते ठरवायचा. अख्ख्या रात्रीची नोंद 30-30 सेकंदांच्या तुकड्यांत वाचायची. किमान 10 सेकंद श्वास थांबला तर अॅप्निया. पण छाती-पोटाचे पट्टे हलतायत का, यावर तो घशातल्या अडथळ्यामुळं की मेंदूकडनं आदेशच आला नाही म्हणून, हे ठरतं. इथं चुकलं तर उपचारच बदलतो. हे सीनियरच्या शेजारी बसूनच येतं.

आरपीएसजीटी ही स्लीप स्टडी करणाऱ्या तंत्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परीक्षा नंतर देता येते. आधी एखाद्या लॅबमध्ये विचारून तिला एक पूर्ण रात्र बसू द्या. नाइट ड्युटी कायमची आहे, घरच्यांनाही ते आत्ताच सांगा.