शाळेतून आलेल्या पोराला चीज घातलेली चपाती दिली तर बिघडलं कुठं?

जुळेसोलापूरची_आई
काल इथं एका काकांनी लिहिलं की हल्लीच्या आयांना भाकरी थापायचा कंटाळा, म्हणून पोरांना केसाडिया-बिसाडिया, म्हणजे ती चीज भरून दुमडलेली मेक्सिकन चपाती, करून घालतात आणि चीजवर वाढलेली पोरं पुढं दवाखान्याचीच भर करणार. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय. माझी पोरं संध्याकाळी रिक्षातून उतरतात ती दप्तर फेकून भूक भूक करतच. सकाळच्या चपात्या असतातच. मंद गॅसवर तवा, चपातीच्या अर्ध्या भागावर किसलेलं चीज, त्यावर उकडून चेपलेला राजमा, कांदा-सिमला मिरची अगदी बारीक, वरून परत थोडं चीज म्हणजे दुमडल्यावर दोन्ही बाजू चिकटतात, आणि उलथन्यानं दाबून धरायचं. गॅस मोठा केला की चपाती करपते आणि आतलं चीज तसंच राहतं. कडेनं तव्यावर सांडलेलं चीज कुरकुरीत होतं ना, ते खरवडून घ्यायला दोघं भांडतात. यात आळस कुठाय? मेक्सिकोत मक्याच्या टॉर्टियात हेच करतात, उत्तरेला सोनोरात तर गव्हाच्याच टॉर्टिया असतात, आपल्या चपातीची लांबची बहीणच की.

भाकरी_दही_चटणी
ती पोस्ट माझी. आळशी सगळ्यांना म्हणालो नव्हतो, तरी लागलं असेल तर तेवढा शब्द मागं घेतो, बाकी एक अक्षर नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आणि आपल्याच पोरांना कडक भाकरी माहीत नाही? चुरली, दही घातलं, शेंगाचटणी टाकली, झालं. गॅससुद्धा पेटवायला लागत नाही, मग झटपट कुठलं ओ ताई? आणि चीजमध्ये मीठ किती असतं ते पाकीट उलटून वाचा एकदा.

नवीपेठ_नाका
मीठ राहू द्या, गाड्यावर चीज म्हणून जे घालतात ते बघा आधी. कितीतरी ठिकाणी वनस्पती तेलाचं ॲनालॉग, म्हणजे चीजसारखं दिसणारं नकली चीज असतं, पाकिटावर तसं छापलेलं पण असतं, पण गाड्यावर पाकीट कोण दाखवतंय? माझ्या भाच्याला एका ठिकाणचं सँडविच खाऊन दोन दिवस उलट्या. तेव्हापासून बाहेरचं चीज बंद म्हणजे बंद.

जुळेसोलापूरची_आई
मी घरच्याबद्दल बोलतेय दादा, गाड्याचं मध्ये कुठून आलं?

होटगीरोडकर
काका, भाकरी आपली हे मान्य. पण शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला आणि मिरची तर मेक्सिकोकडचीच, पोर्तुगीज आल्यावर इकडं आली. मेक्सिकन नको म्हणत तुम्ही रोज मेक्सिकोची मिरची खाताय.

भाकरी_दही_चटणी
आमच्या आज्जीनं उखळात कुटलेली चटणी परदेशी? पुस्तकं वाचून सोलापूर शिकवू नका. शेंगा खमंग भाजून, लसूण-जिरं-तिखट घालून, तेल सुटेपर्यंत कुटली की मुठीत गोळा होतो. ही चव कुठल्या पोर्तुगीजानं आणली?

अशोकचौक_सूनबाई
उखळ म्हटलं म्हणून बोलते. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, कुटायला बसलं की खालच्या काकू दार वाजवतात. मिक्सरला थांबून थांबून फिरवली तर तेल सुटतं. सासूबाई अजून तोंडाला लावत नाहीत, भुकटी म्हणतात.

भाकरी_दही_चटणी
सासूबाईंचं बरोबर आहे. मिक्सरचं भांडं तापतं, लसणाला कडवट वास येतो.

अशोकचौक_सूनबाई
मग एकदा स्वतः कुटून दाखवा की ओ! घरात कोण कुटतं चटणी, तुम्ही का काकू?

भाकरी_दही_चटणी
घरच्या बायकांना मध्ये आणायचं काम नाही.

होटगीरोडकर
आणल्या तुम्हीच, पहिल्याच ओळीत. आया आळशी, आया आळशी.

जुळेसोलापूरची_आई
मिठाचं काकांचं बरोबर आहे, म्हणून मी राजम्यात मीठ घालत नाही आणि हे आठवड्यातनं दोनदाच करते. बाकीचे दिवस पोहे, थालीपीठ, कधी भाकरी-दही पण असतं. पण पोरगं दिवसभर शाळेत, वरनं क्लास, त्याला गरम काहीतरी मिळालं की ते माझ्याजवळ ओट्याशी उभं राहून शाळेतलं सांगतं. भाकरी चुरून दिली की वाटी घेऊन टीव्हीसमोर. मला ती दहा मिनिटं पाहिजेत.

भाकरी_दही_चटणी
हे आधी लिहायचं होतं. करा मग. राजम्याच्या जागी मटकी घाला, आपल्याकडं चांगली मिळते. आणि सूनबाई, रविवारी मी कुटतो, फोटो टाकतो.

अशोकचौक_सूनबाई
फोटो नको, व्हिडिओ टाका.