बीपीडी असलेली व्यक्ती घरच्यांसाठी धोकादायक असते का? तातडीने मदत हवी आहे

कोरांटी
माझ्या धाकट्या बहिणीला बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे बीपीडी, असल्याचे निदान झाले आहे. गेले तीन दिवस मी रात्री जागून मिळेल ते वाचते आहे. त्यात निम्मे खुनाचे खटले आहेत आणि उरलेले चित्रपट किंवा ‘अशा माणसापासून सुटका कशी करून घ्यावी’ या धर्तीचे सल्ले आहेत. माझा प्रश्न एकच आहे. हा आजार असलेली व्यक्ती गुन्हेगारी प्रवृत्तीची असते का, आणि ती घरातल्या माणसांना इजा करते का? कृपया पुस्तके सुचवू नका आणि डॉक्टरांकडे जा असेही सांगू नका, कारण डॉक्टर आहेतच. मला शनिवारपर्यंत स्पष्ट उत्तर हवे आहे.

चौकस
उत्तर देण्याआधी थोडी माहिती हवी आहे. बहिणीचे वय काय आहे, निदान कोणी केले, आणि ते एका भेटीत झाले की काही महिने पाहून? तिने आजवर कोणाला इजा केली आहे का? शनिवारी नेमके काय आहे, हेही कळले तर बरे होईल.

सह्याद्रीवारा
माझ्या काकांना हाच आजार वीस वर्षे आहे. कधी महिनाभर अतिउत्साह आणि मग दोन महिने खाट धरणे, असे चालायचे. लिथियम सुरू केल्यावर ते सावरले आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी नोकरी केली. गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका, आणि रक्तातले लिथियमचे प्रमाण ठरल्या वेळी तपासून घ्या.

अबोली
सह्याद्रीवारा, आपल्या काकांचा आजार बायपोलर असावा. नावे सारखी वाटतात म्हणून हा घोटाळा नेहमी होतो, पण हे दोन वेगळे विकार आहेत. कोरांटीताईंनी आपल्या प्रतिसादावरून डॉक्टरांकडे लिथियमचा आग्रह धरू नये, म्हणून हे आधी लिहिले.

मी एका मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून चौदा वर्षे काम करते आहे. बीपीडीचे नाव सांगितले की नातेवाईक दोन टोकांचे अर्थ काढतात, हे मी रोज पाहते. काहींना ते ‘बॉर्डरलाईन शुगर’सारखे वाटते, म्हणजे अजून आजार झालेला नाही, पथ्य पाळले की झाले. बाकीचे घरी जाऊन मोबाईलवर शोधतात आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्याफटक चेहऱ्याने परत येतात. मुळात हे नावच जुने आणि फसवे आहे. न्यूरोसिस (भान शाबूत असलेले चिंतेसारखे विकार) आणि सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणे) यांच्या सीमेवरचे वाटणारे रुग्ण, अशा अर्थाने अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी ते १९३८ मध्ये वापरले. अमेरिकेच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत ते १९८० साली आले आणि सीमेची ती कल्पना मागे पडल्यावरही नाव तसेच राहिले.

निदानासाठी नऊ लक्षणांपैकी किमान पाच असावी लागतात. आपले माणूस सोडून जाईल ही जीवघेणी भीती, आज देव आणि उद्या वैरी अशी टोकाला जाणारी नाती, मी कोण आहे याविषयीचा अस्थिरपणा, आतले रितेपण, क्षणात पालटणारी मनःस्थिती, उतावळी कृत्ये, स्वतःला इजा करणे किंवा आत्महत्येचे प्रयत्न, अनावर राग, आणि ताणाच्या काळात संशय किंवा भान हरपणे, अशी ती नऊ आहेत. रागाच्या वर्णनात हातघाईवर येण्याचा उल्लेख आहे, तो मी लपवत नाही. पण गुन्हेगारी वृत्ती हे त्यातले एकही लक्षण नाही. ज्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो तो रुग्णाचा स्वतःचा.

विदा_वाचक
इतके सरसकट म्हणता येणार नाही. २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फझल आणि डॅनेश यांनी बारा देशांतल्या तुरुंगांच्या ६२ पाहण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ६५ टक्के पुरुष कैद्यांमध्ये आणि ४२ टक्के स्त्री कैद्यांमध्ये कोणता ना कोणता व्यक्तिमत्त्व विकार (बीपीडी हा त्यांपैकीच एक) आढळला होता. आकडे कटू असले तरी ते प्रश्नकर्तीला सांगायला हवेत.

अबोली
आकडे बरोबर आहेत, पण ते अर्धेच सांगितले गेले. त्याच आढाव्यात पुरुषांपैकी ४७ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी २१ टक्क्यांना समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार होता, आणि तो बीपीडीहून वेगळा आहे. शिवाय तुरुंगात हा आजार किती जणांना आहे यावरून या आजाराचे किती जण तुरुंगात जातात हे निघत नाही. सोबत समाजविघातक विकार असेल, दारूचे किंवा अमली पदार्थांचे व्यसन असेल, तर हिंसेची शक्यता वाढते. म्हणून ताईंना विचारते, बहिणीला कसले व्यसन आहे का?

टोरांटोकर
अबोली यांच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, तरीही मला बोलावेसे वाटते, कारण या आजाराच्या घरात मी वाढलो आहे. माझ्या आईला हे निदान बावन्नाव्या वर्षी झाले. तिने आम्हा भावंडांवर कधी हात उगारला नाही. पण शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवण्याआधी आम्ही स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज ऐकायचो, आणि आजचा दिवस कसा जाणार हे त्यावरून ओळखायचो. ती न्हाणीघरात गेली की माझा धाकटा भाऊ दाराशी बसून राहायचा आणि आतून पाण्याचा आवाज येईपर्यंत उठत नसे. हा मार नव्हे, पण इजा नक्कीच आहे. ‘धोका फक्त रुग्णालाच’ असे म्हटले की दाराशी बसलेले ते पोर कोणाला दिसत नाही.

अबोली
‘फक्त’ हा शब्द माझा नाही. तरी आपले म्हणणे मान्य करते, कारण नातेवाइकांची दमछाक आम्ही रुग्णाच्या फायलीत कुठेच लिहीत नाही. आईंना पुढे उपचार मिळाले का?

टोरांटोकर
मिळाले. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे भावना आवरण्याची कौशल्ये शिकवणारी उपचारपद्धती) या पद्धतीने दीड वर्ष. सगळे ठीक झाले असे म्हणणार नाही, पण आता ती फोन आपटण्याआधी ‘मी दहा मिनिटांनी बोलते’ असे सांगते आणि खरोखर दहा मिनिटांनी फोन करते.

रंगपेटी
चित्रपटांचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. १९८७ च्या ‘फेटल अट्रॅक्शन’मधली ग्लेन क्लोज यांची ॲलेक्स ही व्यक्तिरेखा बीपीडीचे उदाहरण म्हणून जगभर दाखवली जाते, पण चित्रपटात तिच्या आजाराचे नाव एकदाही घेतलेले नाही. आधी चित्रित झालेल्या शेवटात ती स्वतःचा जीव घेते. चाचणी-खेळाच्या प्रेक्षकांना तो शेवट रुचला नाही, म्हणून पुन्हा चित्रीकरण झाले. नव्या शेवटात ती सुरी घेऊन नायकाच्या घरात शिरते आणि त्याची बायको तिला गोळी घालते. म्हणजे स्वतःच्या जिवावर उठलेली बाई प्रेक्षकांना पसंत पडावी म्हणून दुसऱ्याच्या जिवावर उठलेली केली गेली, आणि आज लोकांच्या मनात आहे ती हीच दुसरी. याउलट सुझाना केसन यांनी ‘गर्ल, इंटरप्टेड’ या १९९३ च्या आठवणींच्या पुस्तकात स्वतःला लावलेले हे निदान ओळीओळीने तपासले आहे.

विदा_वाचक
चित्रपट सोडा, खरे खटले पाहा. अमेरिकेतला मालिका-खुनी जेफ्री डामर याच्या १९९२ च्या खटल्यात बीपीडीचा उल्लेख झाला होता. तिथलीच मालिका-खुनी आयलीन वोर्नोस हिच्याबाबतही झाला.

विधिज्ञ_सांगली
झाला, पण कशासाठी झाला तेही सांगावे. फ्लोरिडात वोर्नोसच्या बचावपक्षाच्या तज्ज्ञांनी १९९२ साली शिक्षा सौम्य व्हावी म्हणून बीपीडीचे निदान मांडले. ज्यूरीने तरीही मृत्युदंडाची शिफारस केली आणि २००२ मध्ये तिला देहान्त शिक्षा झाली. डामरचे मन कायद्याच्या दृष्टीने ठिकाणावर होते, असेच ज्यूरीने ठरवले. आपल्याकडेही पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ८४ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेले भारतीय न्याय संहितेचे कलम २२ निदानाचे नाव विचारत नाही. कृत्य करताना त्याचे स्वरूप किंवा ते चुकीचे आहे हे कळण्याची क्षमता होती की नव्हती, एवढेच ते विचारते. ज्या निदानाने कोर्टात शिक्षा टळत नाही, त्याच निदानाने घरातली बाई न केलेल्या गुन्ह्याची संशयित ठरते, हे मी वकिलीत अनेकदा पाहिले आहे. म्हणूनच चौकस यांचा प्रश्न पुन्हा विचारतो. शनिवारी काय आहे?

साधक
इतकी चर्चा वाचून आश्चर्य वाटते. इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करावे. माझा संतापी स्वभाव पहिल्याच शिबिरात निवळला. मनाचे विकार मनानेच जातात, लेबले लावून नव्हे.

अबोली
आपल्याला लाभ झाला याचा आनंद आहे, पण स्वतःला इजा करण्याचा पूर्वेतिहास असलेल्या व्यक्तीला दहा दिवसांच्या मौनात एकटे सोडणे मला जोखमीचे वाटते. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नये. डीबीटी विकसित करणाऱ्या मार्शा लिनहॅन यांनी झेन साधनेतून सजगता घेतली हे खरे आहे, पण तिच्या जोडीला दर आठवड्याची वैयक्तिक भेट, गटातले कौशल्यवर्ग आणि अडचणीच्या क्षणी फोनवर मार्गदर्शन ठेवले. त्यातली कौशल्ये अगदी साधी असतात. भावनेचा लोंढा आला की तोंडावर थंडगार पाणी घेऊन श्वास संथ करणे, हे त्यांपैकी एक. लिनहॅन स्वतः तरुणपणी हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात होत्या, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. आणि कोरांटीताई, मी व्यसनाविषयी विचारले होते.

कोरांटी
व्यसन नाही. वय एकतीस आहे. निदान डॉक्टरांनी चार महिने पाहून मग सांगितले. तिने कोणावरही हात उचललेला नाही, स्वतःवर मात्र उचलला आहे. मे महिन्यातही ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालते आणि आम्ही कोणी त्याबद्दल विचारत नाही.

शनिवारचे सांगते. मला वाटले होते की ते सांगायची गरज पडणार नाही. तिच्या यजमानांनी घटस्फोटाची नोटीस पाठवली आहे आणि शनिवारी आम्हाला वकिलांना भेटायचे आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाईलवर काढलेला फोटो नोटिशीला जोडला आहे. ‘सदर विकाराच्या व्यक्ती हिंसक व गुन्हेगारी प्रवृत्तीच्या असतात हे सर्वश्रुत आहे’ असे वाक्य त्यात आहे, आणि त्यावरून चार वर्षांच्या भाचीला आईजवळ ठेवू नये असे म्हटले आहे. ‘सर्वश्रुत’ हा शब्द वाचल्यापासून मला झोप लागलेली नाही.

चौकस
ताई, हे पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते. आम्ही चित्रपट आणि तुरुंग यांत फिरत राहिलो.

विधिज्ञ_सांगली
आता नेमके बोलता येईल. आपले वकील सगळे कागद पाहून सांगतीलच, तरी हे मुद्दे सोबत न्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे कारण आहे, पण नुसते निदान पुरत नाही. विकार अशा स्वरूपाचा आणि इतक्या प्रमाणात हवा की जोडीदाराने सोबत राहावे अशी रास्त अपेक्षा करता येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता यांच्या खटल्यात, तिथे आजार स्किझोफ्रेनियाचा असूनही, हाच आग्रह धरला. ‘हिंसक’ हा शब्दही उगाच आलेला नाही. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असाधारण आक्रमक वर्तनाचा उल्लेख आहे, आणि नोटीस लिहिणाऱ्याचा डोळा त्यावर असणार.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ मध्ये म्हटले आहे की एखाद्याला मानसिक आजार असल्याचे ठरले, तरी सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केल्याशिवाय केवळ त्यावरून ती व्यक्ती विकल मनाची मानता येणार नाही. भाचीबाबत म्हणायचे तर पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा असे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व (म्हणजे अल्पवयीनता) व पालकत्व कायद्यात आहे, पण अखेरचा निकष मुलाचे हित हाच असतो. म्हणून ‘बीपीडीचे लोक कसे असतात’ या वादात पडू नका. ही आई या मुलीशी कशी वागली, याचा पुरावा गोळा करा. लसीकरणाचे कार्ड, बालवाडीची डायरी, बाईंचे म्हणणे, डॉक्टरांचे उपचार नियमित असल्याचे पत्र, असे सगळे.

टोरांटोकर
मी आधी जे लिहिले ते या नोटिशीच्या बाजूने वाचले जाऊ नये. माझा भाऊ दाराशी बसायचा, कारण आईला आजार आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्या भाचीच्या आईचे उपचार सुरू आहेत आणि मावशी रात्री जागून वाचते आहे. मला आणि माझ्या भावाला यातले काहीच मिळाले नव्हते.

अबोली
ताई, एक गोष्ट शनिवारच्या आधीची आहे. नोटीस बहिणीने वाचली आहे का? सोडून दिले जाण्याची भीती हाच या आजाराचा गाभा आहे आणि त्या कागदात नवरा व मूल दोन्ही जाणार असे लिहिले आहे. हे दिवस तिला एकटे ठेवू नका, डॉक्टरांना आजच कळवा, आणि जिवाचे विचार येत आहेत का असे तिला सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. रात्रीबेरात्री गरज पडली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते.

कोरांटी
तिने वाचली आहे. काल रात्री तिला सरळ विचारले. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, ‘ताई, येतात. पण आज तू इथेच झोप.’ मी तिच्याजवळच झोपले. सकाळी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी उद्याची वेळ दिली आहे.

बालवाडीची डायरी सापडली. जूनपासून रोजच्या पानावर पालकाची सही लागते आणि प्रत्येक पानावर तिचीच सही आहे. ऑगस्टमधली नऊ पाने मात्र कोरी आहेत, कारण तेव्हा ती रुग्णालयात दाखल होती. विधिज्ञ, ती नऊ पाने वकिलांना दाखवायची का?

विधिज्ञ_सांगली
होय, तीच आधी दाखवा. त्या नऊ दिवसांत मुलगी कोणाजवळ होती, आणि तिला तिथे ठेवण्याची व्यवस्था कोणी केली होती?

कोरांटी
माझ्याजवळ होती. दाखल होण्याच्या दिवशी बहीणच तिला माझ्याकडे सोडून गेली. कपड्यांच्या पिशवीत एक चिठ्ठी होती, तीत तिचे औषध, झोपायची वेळ आणि कोणती गोष्ट सांगितली की ती झोपते, एवढे लिहिले होते. ती चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे.

विधिज्ञ_सांगली
मूळ चिठ्ठी घेऊन जा. छायाप्रत घरी ठेवा.