मदत हवी आहे: नवीन मशीनचा दोरा सुईतून निसटतो, शाळा तोंडावर आल्यात

गणवेशवाला
सोलापुरात गणवेशाचा छोटा कारखाना आहे. मार्चमध्ये कर्ज काढून सहा कॉम्प्युटर मशिनी घेतल्या. दोरा सारखा निसटतो. विकणाऱ्याचा माणूस दोनदा येऊन 'सेटिंग केलं' म्हणून गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारागीर उठून जुन्या मशीनवर जाऊन बसतात. हप्ता सुरू झालाय. १५ जूनच्या आत माल द्यायचाय. लवकर सांगा, उपदेश नको.

खटक्या
निसटतो म्हणजे कधी? शिवताना मधेच, की शिलाई सुरू करताना? कापड कुठलं, सुई कितीची? सहाही मशिनींवर होतं का?

गणवेशवाला
सुरू करतानाच. कापड नेहमीचंच.

खटक्या
तुमचं नेहमीचं आम्हाला कसं कळणार हो?

गणवेशवाला
पॅन्टला टेरिकॉट, शर्टला पॉलिस्टर-कॉटन. सुई १४ नंबर. सहापैकी चार मशिनींवर. दोरा मशीन स्वतःच कापते, त्यानंतर पुढची शिलाई घेताना निसटतो. हे सांगायला हवं होतं का?

पक्या_इचलकरंजी
टफ्समधून, म्हणजे कापड उद्योगाला नवीन मशिनींसाठी अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून घ्यायच्या होत्या ना, गारमेंटला १५ टक्के भांडवली अनुदान होतं. आमच्याकडे साधे माग काढून रेपिअर, म्हणजे बिनधोट्याचे जलद माग बसवणाऱ्यांनी असाच हिशेब केला.

निळी_शाई
सुधारित टफ्सची मुदत ३१ मार्च २०२२ ला संपली. आणि ते दोऱ्याचं विचारतायत, अनुदानाचं नाही.

जुनी_कात्री
मुळात नवीन मशिनी घेतल्याच कशाला? जुन्याच मशीनची क्लच मोटर काढून सर्वो बसवायची. क्लच मोटर पाय काढला तरी गरगरत राहते, वीज खाते. सर्वो पाय दिला तरच फिरते. मी चार वर्षांपूर्वी सगळ्या मशिनींना बसवल्या, बिल लगेच उतरलं.

खटक्या
कात्रीकाका, सर्वो दोरा कापून देत नाही. प्रत्येक तुकड्यानंतर कात्री उचलायचा वेळ धरा की.

जुनी_कात्री
चाळीस वर्षं उचलली. हात झिजला नाही.

खटक्या
असो. गणवेशवाला, वर दोऱ्याच्या वाटेवर दोन ताण असतात. मोठ्या चकत्यांचा ताण शिलाईचा. त्याच्या आधी एक छोटा असतो. दोरा कापताना मोठ्या चकत्या उघडतात, तेव्हा दोऱ्याला फक्त छोटाच धरून ठेवतो. तो घट्ट असला की सुईत शेपूट आखूड राहतं आणि पहिल्याच टाक्याला दोरा ओढणारा दांडा ते खेचून घेतो. छोटा ताण थोडा सैल करा. दुसरं, मशीन थांबते तेव्हा तो दांडा अगदी वर असतो का बघा. कारागीर सवयीने हाताने चाक फिरवत असतील तर तेही बंद करायला सांगा.

गणवेशवाला
विकणाऱ्याच्या माणसानेही तोच छोटा स्क्रू फिरवला होता! मग दुसऱ्या दिवशी घट्ट कसा होतो? आपोआप होतो का?

निळी_शाई
आपोआप कसा होईल? कुणीतरी आवळतंय.

गणवेशवाला
मलाही तोच संशय होता. मुद्दाम करतात.

इतिहासाचा_किडा
यात नवीन काही नाही. फ्रान्सच्या थिमोनिएने १८३० साली शिलाई मशीनचं पेटंट घेतलं, पॅरिसमध्ये लष्कराचे गणवेश शिवायला सुरुवात केली, आणि शिंप्यांनी कारखान्यात घुसून मशिनी फोडल्या. गणवेशच, बघा!

पक्या_इचलकरंजी
म्हणजे आता यांच्याही फोडणार?

बॉबिनताई
मी नऊ वर्षं लाइनवर शिवलंय म्हणून सांगते. मुद्दाम कुणी करत नाही. शेपूट लांब ठेवलं की शिलाईच्या सुरुवातीला खाली दोऱ्याचा गुंता होतो. चेकिंगची बाई पीस परत टाकते, तो धागा हाताने कापत बसावं लागतं. त्यापेक्षा स्क्रू आवळतात आणि निसटला की पुन्हा ओवतात. दादा, तुमच्याकडे मजुरी रोजावर की नगावर?

गणवेशवाला
नगावर.

बॉबिनताई
नव्या मशिनी आल्यावर भाव तोच ठेवलात?

गणवेशवाला
पॅन्टमागे दोन रुपये कमी केले. मशीन जलद आहे, नग जास्त निघणार ना. हप्ता मी कुठून भरू?

बॉबिनताई
आणि जुन्या मशीनवर?

गणवेशवाला
तिथे जुनाच भाव.

बॉबिनताई
बसा मग.

निळी_शाई
हे वरच लिहिलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

जुनी_कात्री
सर्वो बसवली असती तर भावाचा प्रश्नच आला नसता.

गणवेशवाला
आज दोन मशिनींवर छोटा ताण सैल केला, पण अगदी थोडाच. सुरुवातीचे दोन-तीन टाके हळू घ्यायला सांगितले. दुपारपर्यंत एकदाच निसटला. गुंताही कमी आहे. भावाचं शनिवारी पगाराला बोलतो, सीझनपुरता जुना ठेवायचा विचार आहे. बॉबिनताई, चेकिंगवाल्या बाईंना काय सांगू?

बॉबिनताई
त्यांना तासभर मशीनवर बसवा.

सुगरण_नाशिक
माझ्या घरगुती मशीनचा खालचा दोरा तुटतो. इथेच विचारलं तर चालेल का?

खटक्या
कापड कुठलं, सुई कितीची?