मदत हवी आहे: टपाल तिकिटांवर पिवळा रंग छापलाच गेला नाही की नंतर उडवला?

नमस्कार मंडळी. चार तिकिटांचा जोड (ब्लॉक) आहे, डावा समास (कडेचा कागद) शाबूत. फोटोग्राव्हर छपाई (कोरलेल्या सिलिंडरवरून होणारी), पिवळा रंग पूर्ण गायब, बाकी रंग जागेवर.

आतापर्यंतची तपासणी: १० पट भिंगाखाली पिवळ्याचा एकही ठिपका नाही. शाई कमी पडली असती तर फिके ठिपके तरी उरले असते. समासातल्या रंगखुणांतही (छपाईत वापरलेल्या प्रत्येक रंगाची छोटी खूण) पिवळी खूण नाही, ही जमेची बाजू. पण ऊन किंवा रसायनाने पिवळा घालवला असेल तर तीही खूण जाईल, म्हणून हा पुरावा एकट्याने पुरत नाही. मागचा गोंद मूळचा वाटतो, म्हणजे तिकिटं धुतलेली नसावीत; छिद्रांची टोकं मऊ आहेत. पुन्हा गोंद लावलेल्या तिकिटाची टोकं सहसा कडक लागतात.

अडलंय ते अतिनील दिव्यापाशी. सोलापुरात कुणाकडे ३६५ नॅनोमीटरचा दिवा आहे का? त्याच तिकिटाची साधी प्रत शेजारी ठेवून कागदाची चमक ताडायची आहे. रसायन लागलं असेल तर चमक बदललेली दिसू शकते. बँकेतला नोटा तपासायचा दिवा चालेल का?

पाणी, बेंझिन काहीही लावायचं नाही. ग्राव्हरची शाई विरघळू शकते आणि मग पुरावाच जातो. इथल्या उन्हाळ्यात गोंदाला तडे जातात, म्हणून जोड आडवाच ठेवलाय, उघडा न करता.

दुसरं, १२०० डीपीआयचं स्कॅन तज्ज्ञांना पाठवताना मागची बाजूही द्यावी का? तिकीट अस्सल असल्याचं प्रमाणपत्र घेतलेल्यांनी कृपया सांगा.