क्लॅकमॅननचा दगड: हातमोजा छापायचा की नाही?

प्रेषक: सहल समिती
नमस्कार मंडळी,
स्कॉटलंडमधल्या क्लॅकमॅनन गावाच्या सहलीच्या पत्रकाच्या मसुद्यात ‘स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस इथे दगडावर हातमोजा विसरला, म्हणून गावाचं नाव क्लॅकमॅनन’ असं लिहिलंय. त्यावर दोन तक्रारी आल्यात. कुणाला नक्की माहीत असेल तर आजच कळवा.

प्रेषक: काका (अलोआ)
गोष्ट काढू नका, फक्त ‘म्हणे’ लावा. राजा म्हणे सरदाराला म्हणाला, ‘क्लॅक’वर (दगडावर) माझा ‘मॅनन’ (हातमोजा) राहिलाय, घेऊन ये. सरदार म्हणतो, महाराज, इथे जरा इकडेतिकडे बघत बसा, आलोच! म्हणून तिथल्या चढाचं नाव ‘लुकअबाउटयी ब्रे’. झकास आहे, पण ब्रूस गादीवर आला १३०६ मध्ये आणि गावाचं नाव बाराव्या शतकातल्या सनदांत सापडतं. आपल्याकडे लेणं दिसलं की पांडवांनी एका रात्रीत कोरलं, तसा इथे ब्रूस.
गेलिकमध्ये ‘क्लाख’ म्हणजे दगड, त्यावर भांडण नाही. भांडण ‘मॅनन’वर. कुणी म्हणतं समुद्रदेव मानानान, कुणी म्हणतं फोर्थ नदीकाठचा जुना मुलूख मानाव. मी मुलूखवाला. पण क्लॅकमॅननचा तो ओबडधोबड गोटा पाहून मला दर वेळी गावचा तांदळा आठवतो, शेंदूर तेवढा नाही. त्यामुळे देववाल्यांशी फार तावातावाने भांडवत नाही.

प्रेषक: वहिनी (स्टर्लिंग)
काका, गोटाच म्हणालात ना? मग मसुद्यातला फोटो बघा. त्यात नुसता खांब आहे! तो उंच दगड १८३३ मध्ये उभा केला, जुना दगड त्याच्या डोक्यावर बसवलाय. आधी तो त्या चढाच्या पायथ्याशी होता. मीही फसले होते. भर पावसात, टोलबूथच्या (जुन्या कचेरी-तुरुंगाच्या) मनोऱ्याशेजारी, खांबाला टेकून तीन फोटो काढून घेतले. घरी येऊन बघते तर तिन्हींत वरचा गोटाच कापलेला. ज्याच्यासाठी गेले तोच नाही.

प्रेषक: सहल समिती
हातमोजा ‘म्हणे’सकट राहील, फोटो बदलतो. खांब पाहून झाला की टेकडीवरच्या बुरुजाकडे चालत जाऊ. तिथली जमीन राजा डेव्हिड दुसऱ्याने १३५९ मध्ये रॉबर्ट ब्रूस नावाच्या नातलगाला विकली. हा ब्रूस वेगळा, मोजेवाला नव्हे. कृपया यावरून नवा वाद नको, अजून डब्यांची यादी आलेली नाही.